बर्फ कोरा ठेवा

आइस हॉकीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि ‘टॅटू काढायचाय, काय काढू?’ अशी पत्रं त्याच सुमाराला येऊ लागतात. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. एकाच विषयावर अनेकांनी लिहिलं होतं तिथे एकच पत्र ठेवलं आहे.

प्रश्न: टोरांटो मेपल लीफ्सचा मी पंधरा वर्षांपासूनचा चाहता. मनगटाच्या जरा वर, हाताच्या आतल्या बाजूला निळं पान आणि त्याखाली पांढऱ्या शाईत स्केटनं ओरखडलेला बर्फ, असं चित्र डोक्यात आहे. आकार दोन इंच. आर्टिस्ट म्हणते, पांढरा टिकणार नाही आणि पानही मोठं करा. बिल वाढवायचा डाव तर नाही ना? (मिसिसागा)

उत्तर: डाव नाही, बाई बरोबर सांगताहेत. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते आणि शाई त्वचेच्या खालच्या थरात बसते. आपल्या कातडीला रंग देणारं मेलॅनिन तिच्या वरच्या थरात असतं. म्हणजे टॅटूचा प्रत्येक रंग आपण चहाच्या रंगाच्या काचेतून बघत असतो. काळा त्यातून काळाच दिसतो, गडद निळा आणखी थोडा गडद होतो, पांढरा मात्र पिवळट करडा पडतो. काढल्या दिवशी तो झळकतो, फोटोही छान येतात. पण वरचा थर गळून नवी कातडी आली की महिन्या-दीड महिन्यात उरतो तो जुन्या भाजल्याच्या डागासारखा फिकट पट्टा.

म्हणून सावळ्या किंवा गव्हाळ हातावर बर्फ दाखवायचा तर बर्फाच्या जागेला सुईच लावायची नाही. तिथे कातडी कोरी सोडायची आणि भोवती काळ्या शाईची पातळ, करडी छटा भरायची. स्केटचे ओरखडे बारीक काळ्या रेघांत, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला विरत जाणारे. वळताना पात्याखालून उडालेला भुगा ठिपक्यांनी. भोवतीचा भाग पुरेसा गडद असेल तर मधली कोरी कातडी आपोआप उजळ दिसते. पांढऱ्याचा हट्टच असेल तर काळ्याला अगदी खेटून एक-दोन चमकेचे ठिपके चालतील. तेही काही वर्षांचेच सोबती, हे धरून चालायचं.

आता पान. लीफ्सचं २०१६ पासूनचं पान नीट मोजलंय कधी? त्याला ३१ टोकं आहेत, कारण मेपल लीफ गार्डन्स हे मैदान १९३१ मध्ये उघडलं. शिरा १७ आहेत, कारण संघ १९१७ चा. त्यांतल्या १३ वरच्या भागात आहेत, त्या १३ स्टॅन्ली कपांच्या (उत्तर अमेरिकेतल्या हॉकीच्या अजिंक्यपदाचा चषक). मूळ चिन्हात शिरा आणि अक्षरं पांढरी असतात. तुमच्या हातावर ती कोरी कातडी असणार, म्हणजे निळ्याच्या मधे सोडलेल्या फटी. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरते, त्यामुळे फट किमान दीड-दोन मिलिमीटरची हवी. नाहीतर पाच-सात वर्षांत शिरा बुजतात आणि हातावर निळा डाग उरतो. दोन इंचांत १७ शिरा या हिशेबानं बसतच नाहीत. नऊ सेंटिमीटर रुंदी धरा आणि आतली तीन ओळींची अक्षरं सरळ गाळा, पान बघून ओळखणारे ओळखतातच. दोन इंचच हवं असेल तर शिरांशिवाय नुसती बाह्यरेषा काढून आत सपाट निळा भरा.

एक चूक मात्र हमखास होते. आर्टिस्ट ‘मेपल लीफ’ असा शोध घेतात आणि कॅनडाच्या ध्वजावरचं पान उतरवतात. ध्वजाच्या पानाला ११ टोकं आहेत. संघाचं २०१६ पूर्वीचं पानही त्याच वळणाचं होतं, तेव्हा ते जाणूनबुजून निवडलंत तर हरकत नाही. नकळत काढलंत तर मात्र देशप्रेमी ठराल, लीफ्सप्रेमी नाही.

प्रश्न: कोरी जागा सोडून काढलेलं एखादं हॉकीचं चिन्ह नमुना म्हणून सांगाल का? (हार्टफर्ड, कनेटिकट)

उत्तर: तुमच्या गावचंच आहे की! हार्टफर्ड व्हेलर्सचं चिन्ह: खाली हिरवा इंग्रजी ‘डब्ल्यू’, वर देवमाशाची निळी शेपटी आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत आपोआप उमटणारा ‘एच’. पीटर गुड यांनी ते १९७९ मध्ये केलं, संघ १९९७ मध्ये कॅरोलायनाला गेला. त्यातला ‘एच’ कुणी काढलेलाच नाही, म्हणून तुमच्या हातावर तो तुमच्याच रंगाचा राहील. हिरवा मात्र गडद घ्या. पोपटी हिरवा गव्हाळ कातडीवर मळकट दिसतो.

प्रश्न: मी ठाण्यात टॅटू काढतो. कॅनडाहून सुटीवर आलेल्या एका ग्राहकानं हॉकी स्टिक, स्केट आणि पक असं चित्र मागितलं. मी आराखडा दाखवला तर तो हसायला लागला. काय चुकलं असेल? (ठाणे)

उत्तर: बहुधा तुम्ही मैदानी हॉकीची स्टिक काढलीत. टोकाशी आकड्यासारखी वळलेली, ती आपली. आइस हॉकीची काठी लांब, सरळ, चौकोनी छेदाची असते आणि खाली तिला कोन करून पातळ, चपटं पातं असतं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नियमात काठीची लांबी जास्तीत जास्त ६३ इंच आणि पात्याची साडेबारा इंच, म्हणजे चित्रात पाचास एक हे प्रमाण ठेवा. पात्याला किंचित बाक असतो, पाऊण इंचापर्यंत. तो बाक कुठल्या बाजूला आहे यावरून खेळाडू डावा की उजवा ते कळतं. म्हणून स्टेन्सिल आरशातल्यासारखी उलटू देऊ नका, उजवा खेळाडू डावा होऊन बसेल. पात्यावर टाचेपासून टोकाकडे एकावर एक चढत गेलेली कापडी टेप आणि काठीच्या वरच्या टोकाला टेपचीच गाठ, एवढं काढलंत की जाणकार खूश.

स्केटमध्ये याहून मोठा घोळ होतो. नेटवर मिळणारी अर्धी चित्रं फिगर स्केटिंगच्या बुटांची असतात. त्यांच्या पात्याला पुढे करवतीसारखे दात असतात. हॉकीच्या स्केटला दात अजिबात नसतात. पातं पुढे-मागे गोलाई घेतं, ते प्लॅस्टिकच्या दोन खांबांच्या बैठकीत बसवलेलं असतं, बुटाचं नाक कडक आणि मागे घोट्याच्या वर उभी पट्टी. गोलरक्षकाच्या स्केटचं पातं जवळपास सपाट असतं.

पक ही चकती, नुसता काळा गोळा नव्हे. व्यास तीन इंच, जाडी एक इंच. तिरका काढला तर कडेवर खडबडीत जाळीची नक्षी दाखवा, नाहीतर लोक त्याला बिस्किट म्हणतील. गोलाची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, खांब लाल. फुटबॉलच्या गोलपोस्टची सवय असलेला हात ती फार रुंद काढतो.

प्रश्न: मी एडमंटनमध्ये हौशी लीगमध्ये गोलरक्षक म्हणून खेळते. दंडावर मास्क काढायचा आहे, शक्यतो टाक्यांचा जुना मास्क. शनिवारची वेळ मिळतेय आणि पुढच्या गुरुवारी माझा सामना आहे. चालेल ना? (एडमंटन)

उत्तर: सामना चालणार नाही, मास्क उत्तम चालेल.

तुम्ही म्हणता तो बॉस्टन ब्रुइन्सच्या गेरी चीव्हर्सचा मास्क. पांढरा, साधा, आणि पक जिथे जिथे लागला तिथे, मास्क नसता तर चेहऱ्यावर पडले असते तसे काळे टाके रंगवलेले. सुरुवात सरावाच्या वेळी एका किरकोळ फटक्यानंतर गंमत म्हणून झाली आणि संघाचा ट्रेनर मग प्रत्येक फटक्याला टाके वाढवत गेला. गव्हाळ कातडीसाठी याच्याइतकं सोयीचं चित्र हॉकीत दुसरं नाही, कारण सगळं काम काळ्यात आहे. पांढऱ्या मास्कच्या जागी कातडी कोरी, कडांना करडी छटा, डोळ्यांची भोकं ठोस काळी. उंची दहा-अकरा सेंटिमीटर घ्या. एक जखम म्हणजे बारा-पंधरा मिलिमीटरची रेघ आणि तिच्यावर आडवे टाके, प्रत्येकी चार-पाच मिलिमीटर लांब, मधे तीन मिलिमीटर अंतर. त्याहून दाट घेतले तर काही वर्षांत एकमेकांत मिसळून झिप लावल्यासारखं दिसतं.

मास्क नको असेल तर नुसते टाके काढता येतात, तुम्हाला स्वतःला पक जिथे लागलाय तिथे. फक्त पुढे कधी तपासणीला गेलात तर डॉक्टर ‘हे ऑपरेशन कशाचं?’ विचारणार.

पूर्ण गोलरक्षक काढायचा झाला तर बहुतेकांच्या डाव्या हातात झेलायचा ग्लव्ह आणि उजव्या हातात चौकोनी ब्लॉकर व काठी असते. तुम्ही उलट्या हाताच्या असाल तर आर्टिस्टला आधीच सांगा.

दंड निवडण्याआधी लहानपणच्या बीसीजी लशीचा वण बघा. तो सपाट किंवा खोलगट असेल तर ठीक. फुगीर असेल, खाजत असेल, मूळ जखमेच्या बाहेर पसरला असेल, तर तुमच्या कातडीला केलॉइडची खोड आहे. आपल्या रंगाच्या लोकांत ती जास्त आढळते आणि खांदा, छाती व कान या तिच्या आवडत्या जागा. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुई लावू नका. वण साधा असला तरी त्याच्यावर शाई नीट धरत नाही. त्याला वळसा घाला किंवा मास्कवरचा एक फटका त्याच जागी येऊ द्या.

आणि गुरुवार विसरा. पाचव्या दिवशी खपली धरत असते. वरून कोपराचं आणि खांद्याचं पॅड घासतं, आत घाम, आणि हॉकीची बॅग उघडल्यावर येणारा वास कशाचा असतो ते तुम्हाला माहीत आहे. ते जंतू उघड्या जखमेवर नकोत. खपली घासून निघाली तर तिथली शाई तिच्याबरोबर जाते आणि टाक्यांत भोकं दिसतात. पारदर्शक चिकट पट्टी लावून खेळू, असं काही जण म्हणतात. घामानं तिची कड सुटते आणि मग आत ओल साठते. कड सुटली की पट्टी काढून टाकायची, पुन्हा दाबून चिकटवायची नाही. पॅडखाली येणाऱ्या जागेला तीन ते चार आठवडे द्या. पोहणंही तितकेच दिवस बंद. सरळ उपाय म्हणजे हंगाम संपल्यावर काढणं.

या काळात दिवसातून दोनदा वास नसलेल्या साबणानं हलक्या हातानं धुवा, टिपून कोरडं करा आणि मलमाचा चमकेल इतकाच पातळ थर लावा. जाड थरानं खपली भिजून सुटते. संसर्ग झाला की जागा लाल होते असं सगळे सांगतात, पण सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, जागा गरम लागली, सूज चढली किंवा पू आला, तर डॉक्टरकडे जा.

प्रश्न: माझ्या आजीच्या हातावर हिरवट गोंदण होतं, ठिपके ठिपके. माझी दोन्ही मुलं कॅलगरीत हॉकी खेळतात, त्यांच्या बर्फाच्या रिंकवर माझी निम्मी हयात गेली. दोन्हीचा मेळ घालता येईल का? (कॅलगरी)

उत्तर: या पत्रानं आम्हाला कामाला लावलं. मेळ बसतो आणि झकास बसतो, कारण हॉकीच्या रिंकवर मुळातच नऊ ठिपके असतात. एक मध्यभागी, चार मधल्या पट्ट्यात निळ्या रेषांजवळ, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन. पंच या जागी पक टाकून खेळ सुरू करतात. मधल्या एकाभोवती आणि टोकांच्या चारांभोवती वर्तुळं असतात. निळ्या रेषांजवळचे चार मात्र उघडे. हा फरक बहुतेक टॅटूंत चुकलेला असतो.

एनएचएलचं रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. तुमच्या हाताच्या आतल्या बाजूसाठी १४ सेंटिमीटर लांबी धरली तर रुंदी सहा सेंटिमीटर येते आणि एक फूट म्हणजे ०.७ मिलिमीटर. कोपऱ्याची गोलाई २८ फुटांची, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर. ती लहान घेतली की रिंक न वाटता साबणाची डबी वाटते. गोलरेषा, म्हणजे गोलाची चौकट उभी असते ती रेषा, टोकापासून पावणेआठ मिलिमीटर आत. निळ्या रेषा दोन्ही टोकांपासून सव्वापाच सेंटिमीटरवर, दोघींच्या मधे साडेतीन. वर्तुळाचा व्यास २.१ सेंटिमीटर. टोकांकडचे ठिपके गोलरेषेपासून १४ मिलिमीटर आत, आणि जोडीतले दोन एकमेकांपासून ३.१ सेंटिमीटर दूर. मधल्या पट्ट्यातले चार निळ्या रेषेपासून फक्त साडेतीन मिलिमीटरवर.

इथे मापाला थोडी मुरड घालावी लागते. खऱ्या रिंकवर निळी रेषा १२ इंच जाड असते आणि गोलरेषा अवघी दोन इंच. आपल्या मापात गोलरेषा ०.१२ मिलिमीटर येईल, इतकी बारीक रेघ कातडीत टिकत नाही. म्हणून तिला तीन सुयांच्या बारीक जुडग्यानं एक साधी रेघ द्या, निळ्या रेषांना त्याच्या दुप्पट. ठिपके मापानं दीड मिलिमीटरचे येतात, ते तीनचे करा. त्याहून फार मोठे केले तर मधल्या पट्ट्यातले चार निळ्या रेषेला जाऊन भिडतील. मधली लाल रेषा सलग नसून तुटक नक्षीची असते, ती ठिपक्यांची माळ म्हणून काढा. आजीच्या गोंदणाशी तिथेच नातं जुळतं.

सगळं काळ्यात करा असं आम्ही सुचवू. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते, आणि रंग भरले की गोंदणाचा भाव जातो. हातानं एकेक टोचा देऊन काढणारे आर्टिस्ट कॅनडात मिळतात. वेळ जास्त लागतो, पण ठिपका गोल येतो. आजीचा हिरवा हवा म्हणून हिरवी शाई मात्र मागू नका. तिचं गोंदण काजळीचंच, म्हणजे काळं असणार. कातडीखालचा काळा रंग वर येताना प्रकाश विखुरतो आणि वर्षं उलटतात तसा तो निळसर-हिरवट दिसू लागतो. तुमचाही होईल, घाई नको. आणि मेळ घालायची इच्छा कितीही असली तरी जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदणाऱ्याकडे हात देऊ नका. कावीळ ब आणि क अशा सुईतून येऊ शकतात.

प्रश्न: हॉकीपटू जो थॉर्नटनचा १९ नंबर देवनागरीत आणि खाली ‘जिद्द’. इथल्या आर्टिस्टला मराठी येत नाही. फाइल ईमेल करून भागेल का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: टाइप केलेला मजकूर पाठवलात तर घोटाळा होण्याचा दाट संभव आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसली की ‘जिद्द’ची पहिली वेलांटी ‘ज’च्या डावीकडे न राहता उजवीकडे जाते आणि ‘द’ला चिकटते. ‘द्द’ फुटून पाय मोडलेला ‘द’ आणि पुढे वेगळा ‘द’ असं होतं. आर्टिस्टला ते नक्षीदारच दिसतं, त्याचा काय दोष! अक्षरांचं आऊटलाइन करून पीडीएफ पाठवा, किंवा त्याहून बरं, घरातल्या सुंदर हस्ताक्षरवाल्याकडून कागदावर जाड पेननं लिहून घ्या आणि आर्टिस्टला तेच गिरवू द्या.

उंचीचं पाहा. ‘द्द’च्या पोटात दोन वाट्या असतात, त्या बुजू नयेत म्हणून अक्षर किमान दीड सेंटिमीटर हवं. ‘१’ आणि ‘९’ ही जोडीही फसवी. बारीक आकारात ‘९’ची गाठ भरून गेली की ‘१९’ आहे की ‘११’ ते कळत नाही. तुमच्या नंबरात नेमके हेच दोन अंक. दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका आणि ‘९’चं पोट मोकळं ठेवा.

शिरोरेषा हाताला आडवी गुंडाळू नका. तळहात वळवला की ती नागमोडी होते. हाताच्या लांबीनं घ्या, आणि स्टेन्सिल लावताना हात टेबलावर न ठेवता सहज खाली सोडा. मग आरशात न बघता दुसऱ्या कुणाला फोनच्या मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला सांगा. काही फोन सेल्फी उलटी दाखवतात. तो फोटो घरच्या ग्रुपवर टाका आणि कुणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणेपर्यंत सुई लावू देऊ नका.

प्रश्न: आमच्या एडमंटन ऑइलर्ससाठी स्टॅन्ली कप काढायचाय. नवं वर्ष घालण्यासाठी जागा आत्ताच सोडू का? (एडमंटन)

उत्तर: २०२४ आणि २०२५, दोन्ही अंतिम फेऱ्या फ्लोरिडाकडून हरल्यावरही हा प्रश्न विचारताय, म्हणून कौतुक. जागा सोडा, आकडे घालू नका.

कप ३५ इंचांहून थोडा उंच, म्हणजे चित्र उभं आणि सडपातळ. पोटरी किंवा दंडाची बाहेरची बाजू योग्य. खालच्या नळकांड्यावर पाच पट्ट्या, प्रत्येकीवर १३ विजेत्या संघांची नावं. पट्ट्या भरल्या की सगळ्यांत जुनी काढून टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात आणि खाली नवी चढवतात. ही नावं टॅटूत कधीच वाचता येत नाहीत, तुटक रेघांनी सुचवायची. चांदीची चमक पुन्हा कोऱ्या कातडीनं, काळ्याच्या बाजूला.

पण तुम्ही ऑइलर्सचे आहात, तर कपापेक्षा मजेशीर एक गोष्ट आहे. १९८४ च्या विजयानंतर संघमालक पीटर पॉकलिंग्टन यांनी आपल्या वडिलांचं, बेसिल पॉकलिंग्टन यांचं नाव खेळाडूंबरोबर कोरून घेतलं. संघाशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून ते नंतर फुल्या मारून खोडलं गेलं. इंग्रजी नावात अक्षरं १६, म्हणून फुल्याही १६: पाच, मधे जागा, मग अकरा. मनगटाभोवती एका ओळीत १६ फुल्या, प्रत्येकी पाच मिलिमीटर, मधे दोन मिलिमीटर. काळी शाई, तासाभराचं काम, आणि अर्थ फक्त माहीतगारांना. आम्हाला विचाराल तर हेच काढा.

प्रश्न: डेट्रॉइट रेड विंग्जसाठी त्यांच्या चिन्हातलं पंखांचं चाक सोडून काय काढता येईल? (ट्रॉय, मिशिगन)

उत्तर: ऑक्टोपस. १५ एप्रिल १९५२ रोजी तिथल्या दोन भावांनी बर्फावर ऑक्टोपस फेकला. आठ हात म्हणजे तेव्हा कप जिंकायला लागणारे आठ विजय. आता सोळा लागतात, प्रथा आठावरच राहिली. पोटरीला वेटोळे घालणारे हात यासारखं अवयवाच्या गोलाईशी जुळणारं चित्र नाही. हात मोजून आठ ठेवा, मागे लपलेल्यांचं टोक तरी दिसू द्या. चूषक बुडाशी मोठे, टोकाकडे लहान, पण तीन मिलिमीटरखाली नकोत.

प्रश्न: ॲरिझोना कायोटीजचा रंगीत टॅटू आहे. संघ २०२४ मध्ये युटाला गेला. झाकू की काढून टाकू? (फिनिक्स)

उत्तर: आधी वर्षभर तसाच ठेवून बघा, व्हेलर्सचे टॅटू लोक अजून नव्यानं गोंदवून घेतात. झाकायचा तर नवं चित्र जुन्याच्या दोन-तीन पट मोठं आणि जास्त गडद लागतं. लेझर करायचा तर सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग वापरतात का, ते विचारा. कमी तरंगलांबीचा लेझर मेलॅनिनलाच भाजतो आणि पांढरे चट्टे पडतात. दोन वेळांत सहा ते आठ आठवडे हवेत. काळा लवकर जातो, हिरवा चिवट. जुन्या टॅटूत पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई असेल तर ती लेझरनं एकदम काळी पडू शकते, म्हणून आधी कोपऱ्यात एक छोटा ठिपका मारून बघायला सांगा. थोडा फिका करून वर झाकणं हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो.

प्रश्न: लेहला लष्कराच्या मुलांना आइस हॉकी खेळताना पाहिलं आणि वेडच लागलं. भरतीची तयारी करतोय. छातीवर दोन स्टिक्सची फुली काढू का? (सातारा)

उत्तर: अजिबात नको. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना सवलत आहे. छातीवरच्या टॅटूनं वैद्यकीय तपासणीत अडाल. आधी भरती होऊ द्या.

प्रश्न: मुलगा टोरांटोत शिकतो, वीस वर्षांचा. टॅटू काढणारच म्हणतो. मी नागपूरहून काय तपासू शकते? (नागपूर)

उत्तर: चित्राचं त्याच्यावर सोडा, दुकानाचं विचारा. टोरांटोत आरोग्य खातं टॅटूची दुकानं तपासतं आणि निकालाची पाटी दुकानात लावावी लागते: हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे अटींवर पास, लाल म्हणजे बंद. त्या पाटीचा फोटो मागवा. सुईचं पाकीट त्याच्यासमोर फोडलं पाहिजे आणि त्यावरची मुदत त्यानं वाचली पाहिजे. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतात, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. त्या दिवशी त्यानं पोटभर जेवून जावं. तो रक्तदान करत असेल तर कॅनडात त्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. आणि संघ कुठला, तेही विचारून घ्या. लीफ्स असतील तर कपाचं वर्ष म्हणून १९६७ नंतरचा आकडा तो काढत नाहीये ना, एवढं बघा.